शिंगराचं जावळ आणि खरा रंग: कधी, कुठे आणि काय बघायचं

घोडी व्याली की पहिला प्रश्न असतो, नर की मादी? दुसरा लगेच येतो, रंग कोणता? पहिल्याचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं. दुसऱ्याचं उत्तर त्या दिवशी देऊ नये, असं माझं ठाम मत आहे आणि ते दोन शिंगरांनी बनवलेलं आहे.

दोघंही एकाच हंगामात जन्मली. एक डांबरासारखं काळंभोर, थेट खुरांपर्यंत, अंगावर फिका केस म्हणून नाही. दुसरं उंदरासारखं मातकट राखाडी, पोट आणि पाय आणखी फिके. पहिल्याच्या नोंदणी अर्जावर मी ‘काळा’ लिहून टाकलं आणि दुसऱ्याच्या अर्जावर ‘राखाडी’. अडीच महिन्यांनी खरारा करताना काळ्या शिंगराच्या वरच्या पापणीवर चार-पाच पांढरे केस दिसले. धूळ असेल म्हणून ओल्या फडक्याने पुसलं, केस तिथेच होते. आज ते जवळजवळ पांढरं आहे आणि ते मातकट शिंगरू कुळकुळीत काळं. दोन्ही नोंदी चुकल्या. त्या दुरुस्त करायला जो वेळ गेला, तो इतरांचा जाऊ नये म्हणून हे सगळं तपशिलात लिहितो आहे.

आधी शब्दांचं बघू, कारण रंगांची नावं जो तो आपापल्या परीने वापरतो. या लेखात तांबडा म्हणजे अंग, आयाळ, शेपूट सगळं तांबूस. आयाळ फिकी असली तरी चालेल, काळी मात्र नको. कुमैत म्हणजे अंग तांबूस-तपकिरी, पण आयाळ, शेपूट, कानांच्या कडा आणि गुडघ्याखालचे पाय काळे. सब्जा म्हणजे गडद रंगात जन्मून वयाबरोबर पांढरा होत जाणारा, कातडी काळीच राहणारा. नुकरा म्हणजे जन्मापासूनच पांढरा आणि कातडीने गुलाबी. बाकी पॅलोमिनो (सोनेरी अंग, फिकी आयाळ), बकस्किन (सोनेरी अंग, काळी आयाळ आणि पाय), डन (फिकं अंग, पाठीवर गडद रेघ), रोन (अंगभर मिसळलेले पांढरे केस) ही नावं आता सगळीकडे रुळली आहेत, तीच ठेवली आहेत.

रंग बदलतो म्हणजे नेमकं काय होतं

घोड्याच्या केसात मूळ रंगद्रव्यं दोनच, एक काळं आणि एक तांबडं. काळं तयार होऊ द्यायचं की नाही, हे एक जनुक ठरवतं. होऊ दिलं तर ते अंगभर पसरू द्यायचं की आयाळ, शेपूट आणि पायांपुरतं ठेवायचं, हे दुसरं जनुक ठरवतं. या दोघांच्या मेळातून तांबडा, काळा आणि कुमैत हे तीन पायाचे रंग निघतात. फिके करणारी, पांढरे केस मिसळणारी, पट्टे आणणारी इतर जनुकं या तिघांवर काम करतात.

शिंगराचा रंग या जनुकांप्रमाणे जन्माआधीच ठरलेला असतो. पण जन्मताना अंगावर असते ती मऊ, लोकरीसारखी लव. तिला मी जावळच म्हणतो. या जावळात रंगद्रव्य पूर्ण भरलेलं नसतं, विशेषतः पाय, पोट, मांड्यांच्या आतली बाजू आणि मुस्कट इथे. त्यामुळे बहुतेक शिंगरं त्यांच्या खऱ्या रंगापेक्षा फिकी दिसतात. साधारण दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात जावळ गळायला लागतं आणि खालून खरा रंग वर येतो. सब्जाचं गणित पूर्ण निराळं आहे, त्याकडे पुढे सविस्तर येऊ.

पहिले तीन दिवस: ओलं करून बघा

शिंगरू वाळलं, उभं राहिलं, दूध प्यायलं, घोडीने त्याला जवळ केलं, की मगच रंगाकडे वळा. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं मऊ फडकं घ्या. कपाळ, नाक आणि चारही पाय खालून वर थोडे ओले करा आणि केसांखालची कातडी बघा.

हे करायचं कारण असं की जन्मतः फिके दिसणारे पाय आणि खरोखर पांढरे पाय वरवर सारखेच दिसतात. ज्या घोड्याला आपण पंचकल्याणी म्हणतो, त्याच्या पांढऱ्या पायांखाली आणि कपाळावरच्या पट्ट्याखाली कातडी गुलाबी असते. कुमैत शिंगराच्या मळकट, पिठासारख्या पायांखाली कातडी गडद असते. ओलं केल्यावर पांढऱ्या खुणेची हद्द रेघ मारल्यासारखी स्पष्ट होते. पांढऱ्या खुणा जन्माच्या वेळी असतात तेवढ्याच राहतात, म्हणून त्या पहिल्या आठवड्यातच कागदावर काढून ठेवा. अंगाचा रंग नंतर भरता येतो. सब्जा घोड्यात मात्र या खुणा पुढे आजूबाजूच्या पांढऱ्यात हरवतात आणि मग ओळख पटवायला लहानपणीचं हे चित्रच कामी येतं.

खुरांवरून लगेच निष्कर्ष काढू नका. नवजात शिंगराच्या खुरांच्या टोकाला रबरासारखे मऊ, फिके झुपके असतात. पोटात असताना घोडीला इजा होऊ नये म्हणूनची ती सोय. चालायला लागलं की ते झिजतात. खुराचा रंग त्यानंतर बघा.

डोळे अनेकदा निळसर-राखाडी, धुरकट दिसतात. काही आठवड्यांत ते तपकिरी होतात. धुरकट निळा आणि स्वच्छ, काचेसारखा निळा यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारचा निळा डोळा बहुधा कायम राहतो आणि तो फिके करणाऱ्या किंवा पांढऱ्या खुणा आणणाऱ्या जनुकांकडे बोट दाखवतो.

पांढरं जन्मलेलं शिंगरू

हे मुद्दाम वेगळं काढलं आहे. सब्जा शिंगरू पांढरं जन्मत नाही. अंगभर पांढरं आणि गुलाबी कातडीचं शिंगरू झालं, तर ते नुकरा असेल, किंवा रंग फिका करणाऱ्या क्रीम नावाच्या जनुकाच्या दोन प्रती, आईकडून एक आणि बापाकडून एक, मिळालेलं असेल. अशा क्रीम शिंगराचे डोळे निळे असतात आणि निळेच राहतात.

तिसरी शक्यता गंभीर आहे. आई-बाप दोघंही फ्रेम ओव्हरो नावाच्या अबलख नमुन्याचे वाहक असतील, तर दर चार शिंगरांमागे एकाला त्या जनुकाच्या दोन प्रती मिळण्याचा संभव असतो. असं शिंगरू जवळजवळ पूर्ण पांढरं जन्मतं, पण त्याच्या आतड्यातल्या मज्जातंतूंच्या पेशी तयारच झालेल्या नसतात. ते उठतं, दूध पितं आणि मग पोटशूळ सुरू होतो. यावर इलाज नाही, काही दिवसांत ते जातं. पांढऱ्या शिंगराने पहिल्या दिवसात लेंडी टाकली नाही, पोट फुगलं, तर क्षणही न दवडता पशुवैद्याला बोलवा. या नमुन्याची चाचणी फळवण्याआधी दोन्ही बाजूंची करून घेता येते. ती न करता असा जोड लावणं मला अक्षम्य वाटतं.

आई-बापांचे रंग लिहून काढा

निम्मं कोडं इथेच सुटतं. काही नियम पक्के आहेत. दोन तांबड्यांच्या पोटी काळं किंवा कुमैत शिंगरू येत नाही. सब्जा शिंगरासाठी आई किंवा बाप सब्जा असावाच लागतो, कारण ते जनुक लपून पिढी ओलांडत नाही. एकच प्रत असलेला सब्जा आणि सब्जा नसलेली घोडी असा जोड असेल, तर प्रत्येक शिंगराला सब्जा होण्याची शक्यता निम्मी. डनचंही तसंच, एक पालक डन लागतो.

पण काही जनुकं लपतात. क्रीमची एक प्रत काळ्या घोड्यात जवळपास दिसत नाही. तांबड्याला ती पॅलोमिनो करते, कुमैताला बकस्किन करते आणि काळ्याला मात्र फारशी हात लावत नाही. म्हणून काळ्या आईच्या आणि तांबड्या बापाच्या पोटी अचानक सोनेरी शिंगरू जन्मलं तर कुणावर संशय घेऊ नका, आईची चाचणी करा. सिल्व्हर हे रंग फिका करणारं आणखी एक जनुक फक्त काळ्या रंगद्रव्यावर चालतं, म्हणून तांबड्या घोड्यात ते पिढ्यान् पिढ्या न दिसता राहू शकतं.

सब्जा ओळखणं: सगळी नजर डोळ्यांच्या कडांवर

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण सर्वात जास्त चुका इथेच होतात.

सब्जा होणारं शिंगरू अनेकदा गरजेपेक्षा जास्त गडद जन्मतं. ज्या जनुकामुळे ते पुढे पांढरं होणार, त्याच जनुकामुळे सुरुवातीला रंगपेशी जादा काम करतात. साधं कुमैत शिंगरू फिक्या पायांनी जन्मतं, सब्जा होणारं कुमैत मोठ्या घोड्यासारखे काळे पाय घेऊनच येतं. साधं काळं शिंगरू बहुतेक वेळा राखेच्या रंगाचं असतं, सब्जा होणारं कोळशासारखं. म्हणून आई-बापांपैकी एक सब्जा असेल आणि शिंगरू पहिल्या दिवसापासून ‘तयार’ रंगाचं दिसत असेल, तर मनात सब्जाच धरून चाला. सब्जा नसलेलीही काही काळी शिंगरं काळीच जन्मतात, म्हणून आई-बापांची अट विसरू नका.

पुरावा शोधायची जागा पापणी. सकाळच्या तिरप्या उजेडात शिंगराला आईजवळच उभं करा. एक हात मानेखाली ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वरच्या पापणीलगतचे केस उलट्या दिशेने हळूच सरकवा. केसांचं टोक बघू नका, मूळ बघा. जावळाचं टोक काळं किंवा तांबडंच असतं. खालून येणारा नवा केस पांढरा असेल, तर तो मुळाशी चांदीच्या तारेसारखा चमकतो. काही शिंगरांत हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच दिसतं, काहींत जावळ गळेपर्यंत थांबावं लागतं. हळूहळू डोळ्यांभोवती चष्म्यासारखं पांढरं वर्तुळ तयार होतं, मग कानशिलं, नाकाचा दांडा.

फसवणारी एक गोष्ट आहे. डोळ्याभोवती फिकट, मातकट वर्तुळ बऱ्याच साध्या शिंगरांनाही असतं. फिकट तपकिरी केस आणि रंगहीन पांढरा केस यांत फरक करायचा. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा. दहा दिवसांनी पुन्हा तसाच काढा. वर्तुळ वाढलं असेल तर सब्जा.

पुढचा प्रवास वर्षानुवर्षांचा. काळ्यातून निघालेला सब्जा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लोखंडाच्या रंगाचा, तांबड्यातून किंवा कुमैतातून निघालेला गुलाबट राखाडी. त्यानंतर पुठ्ठ्यांवर आणि बरगड्यांवर चकत्या उमटतात. हा घोड्याच्या आयुष्यातला सर्वात देखणा काळ आणि तो टिकत नाही. बरेच सब्जे सहा ते दहा वर्षांपर्यंत पांढरे होतात. काहींच्या पांढऱ्या अंगावर पुढे तांबूस बारीक ठिपके येतात. लिपिझानर जातीचे घोडे हे सब्ज्याचं जगप्रसिद्ध उदाहरण. जन्मतः गडद, मोठेपणी पांढरेशुभ्र, आणि क्वचित एखादा गडदच राहणारा.

हे का होतं, ते 2008 साली उलगडलं. एका जनुकात डीएनएचा सुमारे 4,600 अक्षरांचा एक तुकडा दोनदा आलेला असतो आणि जगभरातल्या सब्ज्यांचं हे बीज एकाच पूर्वजापर्यंत जातं. 2024 च्या संशोधनातून आणखी एक गोष्ट कळली. तुकडा एकाच गुणसूत्रावर दोनदा आला तर घोडा सावकाश पिकतो, तीनदा आला तर झपाट्याने. आणि कातडीच्या काळ्या गाठींचा धोका या झपाट्याच्या प्रकाराशी जोडलेला आहे. पंधरा वर्षांवरच्या सब्ज्यांपैकी बहुतेकांना शेपटीखाली, गुदाभोवती, ओठांवर किंवा जबड्यामागे अशा गाठी होतात. म्हणून सब्जा वेळेवर ओळखणं हा निव्वळ कागदाचा प्रश्न नाही. लहानपणापासून खरारा करताना शेपटीखाली बोटं फिरवून बघायची सवय लावा. वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली तर पशुवैद्याला दाखवा, तिचं माप लिहून ठेवा.

जावळ गळताना: गुडघ्यापासून खाली बघा

दुसऱ्या महिन्यानंतर शिंगरू अगदी विचित्र दिसायला लागतं. डोळ्यांभोवती आणि मुस्कटावर गळती सुरू होते, मग पाय, मग अंगावर चट्टे पडतात. घाबरू नका. चट्ट्याखाली नवे, आखूड, चमकदार केस दिसले तर ही नेहमीची गळती आहे. कातडी उघडी पडली, खपल्या धरल्या, शिंगरू अंग घासू लागलं, तर ते बुरशी किंवा उवांचं लक्षण, तिथे रंग बाजूला ठेवून औषधाचं बघा. जावळ ओढून काढू नका. मऊ ब्रश किंवा रबरी खरारा हलक्या हाताने फिरवा, सुटलेलं तेवढं येऊ द्या.

तांबडा की कुमैत, या प्रश्नाचं उत्तर आता मिळतं आणि ते पायांवर लिहिलेलं असतं. गुडघ्याखालच्या नळीच्या हाडावरचं फिकं जावळ सुटलं की खाली काळा केस आला तर कुमैत, तांबडा आला तर तांबडा. त्याआधी सूचना हवी असेल तर कान बघा. कुमैत शिंगराच्या कानांच्या कडा बहुधा जन्मतःच काळसर असतात. आयाळ आणि शेपटीवर मात्र फार विसंबू नका. तांबड्या शिंगराच्या शेपटीत गडद केस असू शकतात आणि कुमैताच्या आयाळीला फिकी किनार असू शकते.

राखाडी शिंगरू काळं होणार का, हे मुस्कटावर आणि डोळ्यांभोवती कळतं. तिथून काळ्या शाईसारखा नवा केस पसरू लागतो. मुस्कट आणि काखा गळतीनंतरही तपकिरी राहिल्या तर बहुधा तो गडद कुमैत.

पट्टा, पांढरी मिसळण आणि फिके रंग

पाठीवर काळी रेघ दिसली की लोक लगेच डन म्हणतात. कितीतरी साध्या शिंगरांना जावळात अशी पुसट रेघ असते आणि गळतीबरोबर ती जाते. खऱ्या डनची रेघ कडेने रेखीव असते, आयाळीपासून शेपटीपर्यंत सलग जाते आणि गळतीनंतर आणखी ठसठशीत होते. बहुधा पायांवर आडवे पट्टेही असतात. चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत थांबलात तर चूक होणार नाही.

रोन शिंगरू कधी जन्मतःच रोन दिसतं, कधी जावळाखाली लपलेलं असतं. सब्ज्याशी गल्लत होते, पण फरक सोपा आहे. सब्जा तोंडापासून पिकतो. रोनच्या अंगावर पांढरे केस मिसळतात, डोकं आणि गुडघ्याखालचे पाय मात्र गडदच राहतात. शिवाय रोन वर्षागणिक पांढरा होत जात नाही. ऋतूप्रमाणे थोडा गडद-फिका होतो, एवढंच. जखम भरून आली की तिथे पांढरा नव्हे, गडद केस येतो, हीदेखील रोनची खूण.

पॅलोमिनो शिंगरू जन्मतः साईच्या रंगापासून पीचच्या रंगापर्यंत काहीही असू शकतं. बकस्किन शिंगराचे पाय गळतीपर्यंत फिके असल्याने तेही पॅलोमिनोच वाटतं. पुन्हा तोच उपाय, नळीवरचा नवा केस. शॅम्पेन हा आणखी एक फिका रंग, तो उलट वागतो. जन्मतः अंग गडद, कातडी भडक गुलाबी, डोळे निळे. मोठेपणी अंग फिकं, कातडीवर ठिपके, डोळे मधाच्या रंगाचे.

सिल्व्हर शिंगराच्या पापण्यांचे केस पांढरट आणि खुरांवर उभे पट्टे असतात. खूर वाढतं तसे हे पट्टे निघून जातात, म्हणून पहिल्या महिन्यांतच फोटो काढा. या जनुकाच्या दोन प्रती असलेल्या घोड्यांना डोळ्यांचे दोष संभवतात, तेव्हा नेत्रतपासणी करून घ्या. ॲपलूसासारखे ठिपकेदार घोडेही वयानुसार खूप बदलतात. गडद शिंगरू काही वर्षांत पांढऱ्या मिसळणीने भरून जातं. त्यांची ओळख ठिपकेदार मुस्कट, डोळ्याचा दिसणारा पांढरा भाग आणि पट्टेरी खूर यांवरून पटते. ठिपक्यांच्या जनुकाच्या दोन प्रती असलेल्या अशा घोड्यांना रात्री दिसत नाही, हे त्यांना अंधारात हाताळताना ध्यानात असू द्या.

फोटोंची वही

दर महिन्याच्या एकाच तारखेला, एकाच जागी, उघड्या सावलीत फोटो काढा. भर उन्हात काळा तांबूस दिसतो आणि फ्लॅशमध्ये कुमैत केशरी. दोन्ही बाजू, समोरून तोंड, डोळ्याचा जवळून, चारही पाय गुडघ्यापासून खाली, पाठ वरून. चौकटीत एक कोरा पांढरा कागद धरा, म्हणजे दोन महिन्यांचे रंग खरोखर ताडून बघता येतात. खाली एक ओळ लिहा: गळती कुठपर्यंत आली, नवा केस कुठे कोणता.

वर्षभरानंतरही रंग हलतो. हिवाळी कोट वेगळा, उन्हाळी वेगळा. घाम आणि ऊन यांनी काळा घोडा पाठीवर तांबूस होतो. तांबं आणि जस्त कमी पडलं तरी केस निस्तेज होतात, पण म्हणून वाढत्या शिंगराला मनाने खनिजं चारू नका, आधी आहार तपासून घ्या.

चाचणी आणि नोंद

विक्री किंवा फळवणं यासाठी नक्की उत्तर हवं असेल तर जनुकीय चाचणी करा. मुळासकट उपटलेले 20 ते 30 केस लागतात, कापलेले चालत नाहीत. शिंगराची आयाळ नाजूक असते आणि केस मुळाआधीच तुटतो, म्हणून शेपटीचे घ्या. आधी अंग झटका, कारण आईचे केस शिंगराला चिकटलेले असतात आणि एक चुकीचा केस सगळा निकाल बिघडवतो. केस कोरडे असताना कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते.

अर्ज लवकर भरावा लागत असेल, तर पांढऱ्या खुणा अचूक भरा, रंगाच्या रकान्यात आजचा रंग लिहा आणि आई-बापांपैकी कुणी सब्जा असेल तर ‘सब्जा होण्याचा संभव’ ही टीप जोडता येते का ते विचारा. मुदत हातात असेल, तर पायांवरचं जावळ पूर्ण सुटेपर्यंत अर्ज तसाच ठेवा, आणि भरायला बसण्याच्या दिवशी सकाळी एकदा पापणीजवळचे केस सरकवून बघा.